उसनी झोप : शहापूर-मुरबाडमधील गोळीचा प्रश्न

दारूबद्दल आपण पुष्कळ बोललो, पुष्कळ लिहिले. गावठीच्या भट्ट्या फोडणाऱ्या बाया, उभी बाटली-आडवी बाटलीची मतदाने, पंचशीलातील पाचवे शील हे सारे चळवळीच्या भाषणांतून वारंवार येते आणि ते यायलाच हवे. परंतु दारूवर सारी नजर खिळलेली असताना आपल्या वस्त्यांत, पाड्यांत, वाड्यांत दुसरी एक वस्तू चोरपावलांनी शिरली आहे. तिला वास नाही. ती घेऊन कोणी रस्त्यात पडत नाही, बायकोला मारीत नाही. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर येते, म्हणून तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. उशाखाली, हळदीच्या डब्यामागे, ब्लाउजच्या आत ठेवलेल्या छोट्या पाकिटात ती असते. लोक तिला 'टेन्शनची गोळी', 'झोपेची गोळी' किंवा नुसतेच 'गोळी' म्हणतात.

मी याच भागातील एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. पहिल्या शिकलेल्या माणसाकडे वस्तीची सारी कागदपत्रे वाचायला येतात : बँकेची नोटीस, सातबारा, पोराचा जातीचा दाखला, आणि अलीकडे औषधाची पट्टी. "सर, ह्याच्यावर काय लिवलंय ते सांग बरं," असे म्हणत शेजारची मावशी रिकामी पट्टी पुढे करते. पट्टीवर लाल रेघ असते, चौकटीत इशारा असतो. वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे, असा त्याचा अर्थ. हा इशारा बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. ज्या माणसाला तो द्यायचा त्याला तो वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येतो त्याला त्याची गरज नसते. अशा किती पट्ट्या हातून गेल्या याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पण त्या वाचता वाचता जे समजून घ्यावे लागले, ते कार्यकर्त्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडणे आवश्यक वाटते.

गोळी म्हणजे नेमके काय?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही नावे निरनिराळी असली तरी कूळ एकच. या कुळाला बेंझोडायझेपीन म्हणतात. हॉफमन-ला रोश या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख याच्या संशोधनातून यातील पहिले औषध निघाले आणि १९६० साली 'लिब्रियम' या नावाने बाजारात आले. १९६३ साली 'व्हॅलियम', म्हणजे डायझेपाम आले. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट वर्गातील औषधे दिली जात. ती थोडी जास्त झाली तरी माणूस दगावत असे. नवी गोळी तिच्या मानाने सुरक्षित होती, म्हणून तिचे जगभर स्वागत झाले. १९७० च्या दशकात अमेरिकेत सर्वांत जास्त लिहून दिले जाणारे औषध व्हॅलियम हेच होते. १९७९ साली तेथील सिनेटच्या समितीपुढे या गोळ्यांच्या सवयीबद्दल सुनावणी झाली, तेव्हा स्वतः डॉक्टर असलेल्या माणसांनीही ही गोळी आपल्याला सुटता सुटली नाही असे सांगितले. १९८८ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना बजावले की, ही गोळी दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ देऊ नये. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या साऱ्या कुळाच्या माहितीपत्रकावर सवय, गैरवापर आणि गोळी सोडतानाचा त्रास यांबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

म्हणजे जगाला हे माहीत होऊन चाळीस वर्षे उलटली. आमच्या वाडीला ते अजून कोणी सांगितलेले नाही.

ही गोळी काम कशी करते तेही समजून घेतले पाहिजे, कारण सारा घोळ तेथेच आहे. आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य असते. मेंदूच्या पेशी फार खवळल्या की त्यांना शांत करणे हे त्याचे काम. गोळी या द्रव्याचा जोर वाढवते. त्यामुळे छातीतली धडधड थांबते, अंग सैल पडते, झोप लागते. हे सारे अर्ध्या-एक तासात घडते. म्हणूनच ती जादूची वाटते. पण रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू स्वतःची शांत होण्याची ताकद कमी करतो. काही आठवड्यांतच तो गोळी गृहीत धरून चालू लागतो. मग एखाद्या रात्री गोळी मिळाली नाही की दाबून ठेवलेले सारे एकदम उसळते. झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो.

वीटभट्टीचा बयाणा घेतलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्याअखेर, हातात काम नसताना, पैसे मिळतात तेव्हा ते उपकारच वाटतात. हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि हंगाम संपला तरी तो फिटत नाही. गोळीची झोप अशीच उसनी असते. फेड शरीराला करावी लागते.

दहा दिवसांची चिठ्ठी दहा वर्षांची कशी होते?

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. पन्नाशीकडे झुकलेली एक बाई. नवरा गेला, मुलगा भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला. तिला रात्री झोप येईना, छातीत धडधडू लागले. डॉक्टरने हृदय तपासले, काही निघाले नाही. त्याने इतर औषधांबरोबर अल्प्राझोलामच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली. यात डॉक्टरचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. तीव्र दुःखाच्या वेळी काही दिवस अशी गोळी देणे हे वैद्यकशास्त्राला धरून आहे, जरी अशा प्रसंगी ती शक्यतो टाळावी असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन असले तरी.

चुकते ते पुढे. गोळी केव्हा थांबवायची हे तिला कोणी सांगितले नाही. पुन्हा दाखवायला कधी यायचे तेही सांगितले नाही. दहा दिवसांनी गोळ्या संपल्या. अकराव्या रात्री ती टक्क जागी. तिने काय अर्थ काढला? 'रोग परत आला.' वास्तविक बऱ्याच वेळा तो रोग नसतो. गोळी एकदम बंद केल्यावर झोप काही दिवस उलट उडते, ते हे उडणे असते. पण हा फरक तिला कसा कळावा? तिच्या अनुभवाने तिला एकच धडा दिला : गोळी आहे तर झोप आहे.

पुन्हा डॉक्टरकडे जायचे म्हणजे जीपचे भाडे, फी आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे रिकामी पट्टी घेऊन औषधाच्या दुकानात जाणे. पट्टी दाखवली की नवी पट्टी मिळते. एक गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त. काही महिन्यांनी एका गोळीने भागत नाही, तेव्हा दोन. मध्येच म्हशाच्या यात्रेला किंवा बहिणीच्या घरी लग्नाला गेलेली असताना पट्टी घरी राहिली की दोन रात्रींत तिची अशी अवस्था होते की घरातले म्हणतात, हिला गोळीशिवाय चालायचेच नाही. अशी वर्षे जातात. या साऱ्या साखळीत खलनायक म्हणून बोट दाखवता येईल असा एकही माणूस नाही. म्हणूनच ती तुटत नाही.

कायदा मात्र आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत या कुळातील औषधे आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत 'शेड्यूल एच-१' ही वेगळी अनुसूची २०१३ साली घालण्यात आली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड तिच्यात आहेत. या गोळ्या विकताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहिली पाहिजे आणि ती नोंद तीन वर्षे जपली पाहिजे. रिकामी पट्टी म्हणजे चिठ्ठी नव्हे, हे कायदा स्वच्छ सांगतो.

आकड्यांत सांगायचे तर, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली निघाला. तीनुसार देशातील १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख माणसे वैद्यकीय सल्ल्याबाहेर झोपेची-शांततेची औषधे घेत होती. संख्येने ज्या पाच राज्यांत अशी माणसे सर्वांत जास्त, त्यांत महाराष्ट्र आहे. मालेगावात अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' असे नावच पडले आहे आणि पोरे ती नशेसाठी खातात, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. पण आमच्याकडची बाई नशेसाठी गोळी खात नाही. ती सकाळी उठून कामाला जाता यावे म्हणून खाते. त्यामुळे ती कोणत्याच बातमीत येत नाही.

गेलेला अंगारा आणि आलेली गोळी

हा प्रश्न केवळ औषधाचा असता तर तो वैद्यकीय मासिकात शोभला असता. तो आपल्या पानांवर येण्याचे कारण वेगळे आहे.

आपल्या आयाबायांच्या मनाला पूर्वी दुखणे नव्हते असे नाही. ते दुसऱ्या रूपाने बाहेर पडत असे. अंगात येणे, झपाटणे, केस मोकळे सोडून घुमणे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आषाढातल्या अंगात येण्याचे चित्र रेखाटले आहे. वर्षभर दाबलेल्या बाईला त्या थोड्या दिवसांत मान मिळे, तिचे बोलणे ऐकले जाई. आजही कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वाड्यांत मनाच्या दुखण्याला पहिला माणूस बोलावतात तो भगत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध वस्त्यांनी अंगारे-धुपारे, देवऋषी, उतारे हे सारे टाकून दिले. हे योग्यच केले. त्या देवऋषीने आमची पिळवणूकच केली होती. पुढे २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही आला.

परंतु एक प्रश्न आपण स्वतःला विचारला नाही. अंगात आलेल्या बाईचे ऐकले जात होते. अंधश्रद्धेच्या भाषेत का होईना, तिचे म्हणणे चार माणसांपुढे येत होते. आपण ती भाषा काढून घेतली. तिच्या जागी ऐकणारे दुसरे कोण उभे केले? विहारात वंदना होते, जयंतीचे नियोजन होते, निवडणुकीची चर्चा होते. 'मला रात्री झोप येत नाही' हे वाक्य बाईने कोणापुढे उच्चारावे याची सोय कोठे आहे? रिकामी राहिलेली ती जागा औषधाच्या दुकानाने भरली. तेथेही तिला कोणी काही विचारीत नाही. पट्टी पुढे, पैसे पुढे.

आणि न विचारता घेतलेली गोळी व न विचारता लावलेला अंगारा यांत फरक तो किती? आपल्या भाषेत 'चिकित्सा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : उपचार आणि छाननी. बाबासाहेबांनी आपल्याला दुसरी चिकित्सा शिकवली. ती पहिल्या चिकित्सेलाही लावली पाहिजे. ही गोळी कशासाठी? किती दिवस? कधी थांबवायची? हे तीन प्रश्न विचारण्याचे बळ ज्या दिवशी आपल्या माणसाला येईल त्या दिवशी निम्मे काम होईल.

झोप का येत नाही?

येथे आपल्याच माणसांकडून एक आक्षेप येईल. ते म्हणतील, हा सारा व्यवस्थेचा प्रश्न आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यात. मध्यरात्री झऱ्यावर वाटी-वाटीने पाणी भरणाऱ्या बाईला झोप कशी येईल? कसाऱ्याहून, आसनगावहून पहाटेची लोकल पकडणारा, गोदामात आठवड्याला पाळी बदलणारा, महामार्गात जमीन गेलेला, भट्टीचा बयाणा डोक्यावर असलेला माणूस जागा राहतो तो काय मेंदूत बिघाड झाला म्हणून? १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरच्या सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे अवजड यंत्र कोसळून २० कामगार ठार झाले. तेही रात्रीच काम करीत होते. या जागरणाला गोळी हे उत्तर कसे?

आक्षेप खरा आहे. घरात पाणी नसलेल्या बाईला चिंतारोगी ठरवणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे. जातीच्या अपमानाने तळमळणाऱ्या विद्यार्थ्याला गोळी देऊन निजवणे म्हणजे अपमान करणाऱ्याची सोय करणे. कोणत्या जागरणाला औषध हवे आणि कोणत्या जागरणाला मोर्चा हवा, हे ओळखता आले पाहिजे.

पण हाच आक्षेप अर्ध्यावर थांबला तर घातक होतो. चिंतेचा विकार, घबराटीचे झटके, नैराश्य हे खरे आजार आहेत आणि ते बरे होतात. 'व्यवस्था बदलली की झोप येईल' असे सांगून आजारी माणसाला क्रांतीपर्यंत थांबवून ठेवणे हा निर्दयपणा आहे. बंगळूरच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत चिंता-नैराश्यासारखे नेहमीचे मनोविकार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असे आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपले चित्र वेगळे असेल असे मानायला काही आधार दिसत नाही. म्हणजे एकीकडे ज्याला उपचार हवा त्याला तो नाही, आणि दुसरीकडे उपचार म्हणून मिळते ती फक्त गोळी. या दोन्ही गोष्टी एकाच अभावाची दोन टोके आहेत.

तो अभाव नजरेसमोर आणू. शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. ठाण्याचे १९०१ पासून आहे. म्हणजे कागदावर आम्ही भाग्यवान. पण मुरबाडच्या टोकावडे-धसई भागातील किंवा शहापूरच्या डोळखांबकडील माणसाला तेथे जायचे तर आधी एस.टी. वा जीप, मग कल्याण किंवा आसनगावहून लोकल, मग रिक्षा. सारा दिवस जातो. शिवाय 'ठाण्याला नेले' या दोन शब्दांना आमच्याकडे जो अर्थ आहे, तो घरातल्या मुलीचे लग्न मोडायला पुरेसा असतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा, आणि मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे असे सांगणारा कायदा २०१७ चा. हक्क कागदावर आला, पाड्यापर्यंतचा रस्ता अजून व्हायचा आहे. मधल्या काळात पाड्यातल्या माणसाजवळ असतो तो आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला गावचा डॉक्टर. त्याला झोडपणे सोपे आहे. पण रात्री अकराला दार उघडणारा तोच असतो, हेही विसरता कामा नये.

गोळी एकदम तोडू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. हा लेख वाचून एखादा उत्साही कार्यकर्ता उद्या वस्तीत जाईल आणि सांगेल : फेकून द्या त्या गोळ्या. तसे करू नका. यात जीव जाऊ शकतो.

दारू सोडतानाच्या त्रासाची आपल्याला ओळख आहे. ही गोळी महिनोन्‌महिने घेणाऱ्याने ती एकदम बंद केली तर तसाच आणि कधी त्याहून मोठा त्रास होतो. झोप जाणे, थरथर, घाम, उलट्या, आवाज-उजेड सहन न होणे, भास होणे, आणि फेफरे येणे. फेफऱ्याने माणूस दगावू शकतो. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळून विकण्याची जुनी रीत आहे. २०१५ साली तेथे भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई झाली. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद भागात ती ताडी अचानक मिळेनाशी झाली आणि माणसे थरथरत, बडबडत, झटके येत रुग्णालयांत दाखल होऊ लागली. कारवाईचा हेतू चांगला होता. पण शरीराचा हिशेब कोणी केला नव्हता.

म्हणून गोळी उतरवायची ती पायरी-पायरीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली. अमेरिकेतील वैद्यकीय संस्थांनी २०२५ साली एकत्र येऊन मार्गदर्शन केले आहे की, सुरुवातीला मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनीच कमी करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कधीच कमी करू नये. म्हणजे वर्षानुवर्षे घेतलेली गोळी सुटायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. लवकर संपणाऱ्या गोळीऐवजी शरीरात जास्त वेळ टिकणारी गोळी देऊन मग उतरवण्याची पद्धतही आहे, पण तो निर्णय डॉक्टरचा. मध्ये एखादी पायरी जड गेली तर तेथे थांबायचे असते. त्याला पराभव समजू नये.

आणखी चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली : क्लोनाझेपाम, क्लोबाझाम या याच कुळातल्या गोळ्या फेफऱ्याच्या रुग्णाला देतात. त्या त्याच्या जिवाच्या राखणदार आहेत, त्यांना हात लावू नये. दुसरी : नैराश्यावरची, चिंतेवर दीर्घकाळ द्यायची आणि गंभीर मनोविकारावरची औषधे वेगळ्या कुळातली आहेत. 'मनाची सारी औषधे सवय लावतात' हा समज खोटा आहे आणि त्याने अनेकांचे चालू उपचार तुटतात. ती औषधेही विचारल्याशिवाय बंद करू नयेत. तिसरी : गोळी आणि दारू एकत्र घेतली तर श्वास मंदावून झोपेतच मरण येऊ शकते. दारू सोडवण्यासाठी याच कुळातील गोळी थोडे दिवस देतात, पण घरी येऊन दोन्ही चालू ठेवणारी माणसे आपल्या आसपास असतात. त्यांच्या घरच्यांना हे माहीत पाहिजे. चौथी : म्हातारी माणसे या गोळीने रात्री तोल जाऊन पडतात, मांडीचे हाड मोडते, विसराळूपणा वाढतो. त्याला आपण 'वय झाले' म्हणतो.

मग करायचे काय?

भाषणाने हे सुटणार नाही. काही साधी कामे आहेत आणि ती आपल्या आवाक्यातली आहेत.

पहिले काम वाचून दाखवण्याचे. प्रत्येक वस्तीत शिकलेले एक तरी पोर आहे. पट्टीवरचे नाव, लाल रेघ आणि इशारा वाचून मराठीत सांगणे त्याला जमेल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गटारे साफ करण्याबरोबर एक दिवस याला द्यावा. गोळी घेणाऱ्याचे नाव कोठेही लिहू नये, कोणाला सांगू नये. गुपित फुटले की दुसरी बाई बोलणार नाही.

दुसरे काम मागणीचे. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथे ठरलेल्या वारी मानसोपचाराचा डॉक्टर आणि समुपदेशक बसलाच पाहिजे, आणि तो वार बाजाराच्या दिवसाशी जोडलेला असावा, म्हणजे एका फेरीत दोन कामे होतील. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला गोळी उतरवण्याचे प्रशिक्षण द्यावे. इशारा मराठीत छापावा. हे ग्रामसभेच्या ठरावात आणता येते. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथल्या ग्रामसभेच्या शब्दाला पेसा कायद्याने जास्तीचे वजन दिले आहे, ते वापरावे.

तिसरे काम दुकानदाराशी बोलण्याचे. त्याच्यावर धाड घालण्याआधी त्याच्याशी बोला. तोही आपल्याच गावचा आहे. त्याने पट्टीवर पट्टी देणे बंद करावे, पण एका दिवसात नव्हे. जुन्या गिऱ्हाइकाला आधी डॉक्टरकडे धाडावे. अचानक दार बंद करण्याचे परिणाम निजामाबादने पाहिले आहेत.

चौथे काम ऐकण्याचे. विहारात, समाजमंदिरात, बचतगटाच्या बैठकीत महिन्यातून एक संध्याकाळ अशी असावी की, तेथे ठराव नाही, भाषण नाही, हार नाहीत. बायांनी बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. आशाताईंना त्यात घ्यावे, कारण कोणाच्या घरात काय चालले आहे हे त्यांना आधी कळते. फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ आहे. हे दोन क्रमांक समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवायला एक डबा रंग पुरेल.

आणि या साऱ्याच्या मुळाशी एक दृष्टी हवी. गोळीची सवय लागलेली बाई व्यसनी नाही, दुबळी नाही, गुन्हेगार तर मुळीच नाही. तिने तिच्यासमोर होता तो एकमेव उपाय केला. तिच्या मेंदूने जे केले ते कोणाच्याही मेंदूने केले असते, जिल्हाधिकाऱ्याच्या बायकोच्याही. फरक इतकाच की त्या बाईला मानसोपचारतज्ज्ञाकडे मोटारीने नेले जाईल, आणि आमच्या मावशीला रिकामी पट्टी घेऊन चालत जावे लागते. ही विषमता आहे आणि विषमतेविरुद्ध लढणे हे आपले जुनेच काम आहे. पाण्यासाठी, जमिनीसाठी, मजुरीसाठी आपण मागण्या लिहितो त्याच कागदावर ही एक ओळ वाढवू या : आमच्या माणसाला स्वतःची झोप मिळाली पाहिजे.